दूध तोडल्यावर

माझी भावजय ओतिलिया नाताळाला सहा दिवस असताना इटलीहून घरी आली, तेव्हा तिच्या अंगावर अजून दूध होतं. आमच्यापैकी कोणीच हे धरून चाललं नव्हतं. अडीच महिने लेकराला छातीला न लावलेल्या बाईचं दूध आटतं, असंच आम्ही समजत होतो. आई तर तिच्यामागे बोलूनही गेली होती की बरं झालं, तेवढा एक प्रश्न मिटला.

ती गेली कशी ते आधी सांगते. माझा धाकटा भाऊ नेकुलाय लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला ओंडक्यांची रास घसरली आणि त्याचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी आत सळई घातली आणि वर्षभर उभ्याने काम करायचं नाही म्हणून सांगितलं. घरात आम्ही पाच जणं. आई पारास्किवा, मी सावेता, नेकुलाय, ओतिलिया आणि त्यांचा इली, मे महिन्यात झालेला. आमच्या गावात ज्या घरावर अशी वेळ येते, त्या घरची एक बाई इटलीला जाते, तिथल्या म्हाताऱ्यांचं करायला. त्यात वेगळी चर्चा नसते. कोण जाणार, एवढंच ठरवायचं असतं.

आधी मलाच विचारलं होतं. मी बेचाळीस वर्षांची, लग्न न झालेली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. माझ्यामागे रडणारं कोणी नव्हतं. नेकुलायने जेवताना हळूच विषय काढला तर मी म्हटलं, मला गाडी लागते, भाषेचा एक शब्द येत नाही, आणि आईचे गुडघे कोण चोळणार? यातलं खोटं काहीच नव्हतं. पण त्याहून मोठं म्हणजे मला भीती वाटत होती, आणि ती मी सांगितली नाही. ओतिलिया लग्नाआधी दोन वर्षं इटलीतल्या त्रेविझोला राहून आलेली होती. माझं बोलून संपेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "मीच जाते." इली तेव्हा तिच्या मांडीवर पीत होता.

ती गेल्यावर पहिले चार दिवस त्याने बाटली तोंडात धरली नाही. चमच्याने घालावं तर गालावरून खाली. आई देवाच्या तसबिरीपुढे दिवा लावून बसायची आणि मी त्याला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या घालायची. पाचव्या दिवशी दुपारी, माझा स्वेटर मुठीत धरून, त्याने अख्खी बाटली संपवली आणि माझ्याकडे बघत झोपला. शाळेतून मी धावत घरी यायला लागले. पोरं म्हणायची, सावेताबाईंना आता सूपात मीठ घालायचंही सुचत नाही. खरंच सुचत नव्हतं. माझ्या आयुष्यात तोवर माझी वाट बघणारं कोणी नव्हतं.

एकोणीस डिसेंबरला पांढरी मिनीबस फाटकाशी थांबली. दीड दिवसाचा प्रवास करून ओतिलिया उतरली, पिशव्या तशाच रस्त्यावर टाकून सरळ माझ्याकडे आली आणि तिने हात पुढे केले. इलीने तिच्याकडे पाहिलं, ओठ काढले आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडायला लागला. मी म्हटलं, "ओळखीचं नाही ना, घाबरला." म्हणताना मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनातून मला आनंद झाला होता. इतका की मला माझीच लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही.

संध्याकाळी सूप पिताना तिने आपण होऊन सांगितलं. ज्या म्हातारीचं ती करायची त्या सिन्योरा एर्सीलियाच्या न्हाणीघरात, ती दिवसातून पाच वेळा दार लावून दूध पिळून काढायची. बेसिनमध्ये. पहिल्या आठवड्यात भरपूर यायचं, मग निम्म्यावर आलं, पण तिने एकही दिवस चुकवला नाही. म्हातारी भिंतीवर काठी आपटायची, इतका वेळ आत काय करतेस म्हणून. एकदा दार ढकलून आतच आली. बघितलं, आणि टॉवेल गरम करून आणून दिला. त्यानंतर काठी वाजली नाही.

"आणि हे सगळं कशापायी?" आईने विचारलं.

"सुट्टीचे पंधरा दिवस तरी पाजीन म्हटलं," ओतिलिया म्हणाली.

आईने चमचा खाली ठेवला. आमच्याकडे जुन्या बायका मानतात की एकदा दूध तोडलेलं पोर परत छातीला लावू नये. लावलं तर त्याची नजर वाईट होते. मोठेपणी ते ज्याचं कौतुक करील त्याला दृष्ट लागते, गाभण गाय गाभ टाकते, नवरीला ताप भरतो. आईने हे सगळं नेहमीच्या आवाजात सांगितलं, जणू दूध उतू जातंय बघ, असं सांगावं. ओतिलिया म्हणाली, "मी कुठे तोडलं होतं, आई? मी तर नुसती लांब होते." आईचं मत काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे डुक्कर मारायचा दिवस. शेजारचे, चुलत भाऊ, त्यांच्या बायका, सगळे पहाटेपासून अंगणात. चरबी वितळतेय, आतडी धुतली जातायत, प्लमची दारू फिरतेय. ओतिलियाने मला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की सकाळी त्याला बाटली देऊ नका, वन्सं. भूक लागली की घेईल. मी बरं म्हटलं. ती त्याला घेऊन पुढच्या खोलीत गेली. ती खोली आमच्याकडे पाहुण्यांसाठी राखलेली, थंडगार, तिथे शेगडीही नाही, पण एकांत तेवढाच होता. आम्हाला त्याचं रडणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. पाठ ताणून, हातपाय झाडून रडणं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. चुलतभावाच्या बायकोने आतडं उलटं करता करता म्हटलं, "पोराला काय कळतंय कोण आई नि कोण पाहुणी." सगळ्या हसल्या.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली आणि त्याला माझ्याकडे देऊन पातेली घासायला बसली. मी त्याला अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात नेलं आणि बाटली दिली. त्यात काही वाईट नव्हतं. पोर उपाशी होतं.

वाईट दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. ओतिलियाने वेळ ठरवली होती. सकाळी साडेदहाला, दुपारी तीनला आणि निजायच्या आधी. त्याच्याआधी दोन तास त्याला काही द्यायचं नाही. शाळेला नाताळची सुट्टी होती. मी दहा वाजता सरपण आणायच्या निमित्ताने इलीला कडेवर घेऊन बाहेर पडायची. उन्हाळी स्वयंपाकघरात चुलीमागे मी बाटली उबेला ठेवलेली असायची. तो पोटभर प्यायचा. मी त्याचं तोंड पुसायची, ढेकर काढायची आणि त्याला आत नेऊन तिच्या हातात द्यायची. म्हणायची, "बघ आता, भुकेला आहे." मग पुढच्या खोलीचं दार लागायचं.

मी हे सहा दिवस केलं. स्वतःला सांगत होते की ती पंधरा दिवसांची पाहुणी, परत गेल्यावर पोराची आबाळ होईल, सावरायचं मलाच आहे. अजूनही कोणी विचारलं तर मी हेच कारण देईन आणि ऐकणाऱ्याला ते पटेलही. पण चुलीमागून बाटली काढताना माझ्या मनात ते नसायचं. मनात एवढंच असायचं, की त्याने तिला ओळखू नये.

तिचं दूध मात्र इलीच्या रडण्याने वाढत गेलं. बाळ रडलं की पान्हा फुटायचा आणि बाळ तर घेत नाही. हाताने पिळून पिळून ती थकली. नाताळच्या आदल्या दिवशी तिच्या डाव्या छातीत गाठ धरली, लाल, दगडासारखी. अंगात कणकण होती. संध्याकाळी पाद्री तसबीर घेऊन आशीर्वाद द्यायला आला तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती. पाद्री गेल्यावर आईने कोबीचा गड्डा फोडला, पानं लाटण्याने चेचली आणि तिच्या छातीवर बांधली. दृष्टीचं बोलणारी आईच, पण तिने रात्रीपर्यंत तीनदा पानं बदलली. बांधताना म्हणत होती, "सोडून दे गं. आपोआप आटेल. मीही दोघांना लवकर तोडलं, काय मेली का पोरं?" ओतिलिया डोळे मिटून बसली होती.

नाताळला दुपारी जेवायला आमच्याकडे चौदा माणसं होती. इलीच्या बाप्तिस्म्याची धर्मआई झेनोव्हिया टेबलाच्या वरच्या टोकाला, नेकुलाय कुबड्या भिंतीला लावून तिच्या शेजारी. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस, भाजलेली सॉसेजेस, अक्रोडाचा गोड पाव. इली माझ्या मांडीवर होता. ओतिलिया वाढत होती. झेनोव्हियाने इलीच्या गालाला हात लावला, त्याने किंकाळी फोडली, आणि सगळ्यांच्या देखत ओतिलियाच्या निळ्या ब्लाउजवर दोन ओले डाग पसरत गेले.

पुरुषांनी ताटात नजर घातली. झेनोव्हिया मवाळ बाई. ती म्हणाली, "अगं, घे त्याला, जा आत. लाजायचं काय त्यात?"

तेव्हा मी बोलले. "कशाला आत जातेस? तो काही तुझं घेत नाही. इतकंच येतंय तर त्या इटलीच्या म्हातारीला पाज. तिला दातही नसतील."

एक-दोघं हसले. चुलतभाऊ तर मोठ्याने हसला. मग त्यालाही काहीतरी वाटलं असावं, तो थांबला. नेकुलायने माझ्याकडे पाहिलं नाही आणि बायकोकडेही पाहिलं नाही. त्याने पावाचा तुकडा मोडला आणि तो मोडतच राहिला. ओतिलियाने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं, झेनोव्हियाला विचारलं की अजून रस्सा हवा का, आणि मग खुंटीवरची शाल घेऊन ती बाहेर गेली. मी मागे गेले नाही. खिडकीतून दिसत होतं, ती गोठ्याच्या भिंतीशी वाकून बर्फात दूध पिळत होती.

सव्वीस तारखेला तिने मला पकडलं. त्या दिवशी ती मीठ न्यायला उन्हाळी स्वयंपाकघरात आली. दहाच्या सुमारास. मी स्टुलावर बसले होते, इली माझ्या हातावर, बाटली तळाला आलेली. त्याने बाटली सोडली, तिच्याकडे बघून हसला आणि त्याच्या ओठांवरून दूध ओघळलं.

ती दारातच उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल, आईला हाक मारील. मी तयार होते. कारणं सगळी जिभेवर होती.

"किती दिवस?" तिने विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. आजच, तो फारच रडत होता म्हणून, असं म्हणता आलं असतं. का कोण जाणे, म्हटलं नाही. "रोज," मी म्हटलं. "तू मागतेस त्याच्या आधी."

ती पुढे आली, तिने इलीला माझ्या हातातून घेतलं. तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे हात करून रडायला लागला. ती म्हणाली, "आता मी सांगेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, वन्सं." मग मिठाची बरणी दुसऱ्या हाताने उचलून ती निघून गेली. मीठ न्यायचं ती विसरली नाही, हे मला फार लागलं.

तिने घरात कोणाला काही सांगितलं नाही. आईला वाटलं आमचं भांडण झालंय, नाताळच्या बोलण्यावरून. दोन दिवस तिने इलीला खाली ठेवलंच नाही. चादरीने छातीशी बांधून भांडी घासली, कणीक मळली, कोंबड्यांना दाणे घातले. तो रडला की त्याच्याशी बोलायची, गाणं म्हणायची, पण बाटली द्यायची नाही. वाटीने थोडं थोडं पाजायची, जगण्यापुरतं. आई चिडली, म्हणाली, पोराला मारशील. नेकुलाय एकदाच बोलला, पण मोठ्याने बोलला: "आई, तिला करू दे." अपघातानंतर त्याचा एवढा आवाज आम्ही ऐकला नव्हता. मला ते रडणं ऐकवेना. मी झेनोव्हियाकडे जाऊन बसायची आणि तिचे अक्रोड फोडायची. तिने विचारलं, डोळे का सुजलेत? मी म्हटलं, धुराने.

एकोणतीसला सकाळी मी लाकडं घेऊन आत आले. आईच्या खोलीत शेगडीजवळच्या बाकावर ओतिलिया भिंतीला डोकं टेकून बसली होती. इली रडून रडून झोपला होता, आणि झोपेतच पीत होता. मी लाकडं हातात घेऊन तशीच उभी राहिले. खोलीत आवाज फक्त त्याच्या घोटांचा. दोन घोट, मग थांबणं, मग परत. तिची बोटं त्याच्या पायाला धरून होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. तिने मला पाहिलं. बाहेर जा असं म्हणाली नाही. ये असंही म्हणाली नाही. मी लाकडं एकेक करून, आवाज न करता खाली ठेवली आणि गोठ्यात जाऊन बसले. आपल्याला कशाचं रडू येतंय हे मला नीट कळत नव्हतं. तो प्यायला याचं बरं वाटत होतं, हे शपथेवर सांगते. पण माझं काहीतरी हातातून गेलं होतं, तेही तितकंच खरं होतं.

त्या संध्याकाळी तो जागेपणीही प्यायला. दुसऱ्या दिवशी चार वेळा. तिच्या छातीतली गाठ विरघळली, ताप उतरला. आईने बाळाच्या मनगटाला दृष्टीचा नवा लाल दोरा बांधला. पण एकतीस तारखेला चुलीपाशी तिने मनातलं बोलून टाकलं. "आता मला सांगा, तीन तारखेला हिची गाडी. परत तोडणार त्याला? पुन्हा चार दिवस त्याच्या किंकाळ्या ऐकायच्या? ह्या हौसेपायी पोराचे दोनदा हाल." ओतिलिया तिथेच होती.  आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि ते ओतिलियालाही दिसत होतं, म्हणूनच ती गप्प बसली असं मी धरून चालले.

एक जानेवारीला संत वासिलेचा दिवस. बकऱ्याचं सोंग घेऊन नाचणारे येऊन गेले होते, अंगणभर त्यांनी शुभ म्हणून टाकलेलं धान्य होतं. जेवायला आम्ही घरचेच, आणि झेनोव्हिया. तिने सहज विचारलं, "परवा मिनीबस किती वाजता येते गं? माझ्या भाचीसाठी तिकडे एक पार्सल द्यायचंय."

"सकाळी सहाला," ओतिलिया म्हणाली. इली तिच्या मांडीवर होता. "पार्सल वन्संकडे द्या. यंदा त्या जाणार आहेत."

कोणालाच कळेना. आईने विचारलं, "कुठे?"

"त्रेविझोला. माझ्या जागी. सिन्योराच्या मुलीशी काल फोनवर बोलले मी. ती म्हणाली, तुझ्या घरचीच बाई असेल तर चालेल. भाषा हळूहळू येते. गाडी लागते त्याची गोळी मिळते." मग तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "आईंचे गुडघे मी चोळीन."

नेकुलाय म्हणाला, "अगं, ताईला विचारलंस तरी का?"

"विचारतेय ना आता. बोला, वन्सं. जाल?"

मला वाटलं, मी नाही म्हटलं तर ही आता सांगणार. चुलीमागची बाटली, सहा दिवस, सगळं. झेनोव्हियाच्या देखत.  आणि त्याच वेळी इली टेबलावरचा चमचा ओढत होता, मी सवयीने हात पुढे केला, त्याने तो चमचा मला दिला आणि लगेच तोंड फिरवून आपल्या आईच्या ब्लाउजची बटणं धरली. मी म्हटलं, "जाईन."

आई रडायला लागली. म्हणाली, हे काय नाताळात घर मोडायला निघालात. नेकुलाय माझ्याकडे बघत राहिला. सप्टेंबरात मी नाही म्हटलं होतं तेव्हाही त्याने असंच पाहिलं असेल, पण तेव्हा मी बघायचं टाळलं होतं.

संध्याकाळी गोठ्यात मी ओतिलियाला गाठलं. म्हटलं, "मी नाही म्हटलं असतं तर सांगणार होतीस ना सगळ्यांना?"

ती गाईचं पाणी बदलत होती. "नाही," ती म्हणाली. "सांगून काय झालं असतं? याच घरात राहायचंय सगळ्यांना." बादली खाली ठेवून ती म्हणाली, "मी अडीच महिने दूध बेसिनमध्ये ओतलं, वन्सं. रोज पाच वेळा. मला वाटायचं, वन्सं आहेत म्हणून बरं. देवाला सांगायचे, त्यांना सुखी ठेव. नाताळला तुम्ही जे बोललात ना, तेही मी गिळलं. म्हटलं, दमल्या असतील पोराचं करून." तिने बादली परत उचलली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "बॅग भरून घ्या. तिकडे घरातसुद्धा थंडी असते, लोकरीचे मोजे न्या."

तीन तारखेला मी गेले. शाळेतली माझी जागा आईच्या ओळखीतल्या एका बाईला मिळाली. निघताना इली झोपला होता. मी त्याला उठवू नका म्हटलं. गोळी घेऊनही हंगेरीपर्यंत मला तीनदा गाडी थांबवायला लागली.

सिन्योरा एर्सीलिया शहाण्णव वर्षांची होती, आणि तिला सगळे दात होते. पहिल्या दिवशी तिने ओतिलियाचं नाव घेऊन काहीतरी विचारलं, आणि मला कळेना म्हणून दोन्ही हात पाळण्यासारखे धरून हलवले. मी मान डोलावली. पितो, असा घोट घेऊन दाखवला. म्हातारीने छातीवर क्रूस केला. त्या घरात मी दोन महिने मुक्यासारखीच राहिले. मार्चपासून बोलायला लागले.

फोनवर नेकुलाय खुशाली सांगायचा. ओतिलिया क्वचित यायची. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी तिचा फोन आला. इलीला दात येत होते, तीन दिवस तो दुपारचा झोपत नव्हता, अंगावर घेतलं तरी दोन घोट घेऊन रडत उठायचा. तिचा आवाज थकलेला होता. तिला विचारायचं होतं ते तिने फार आडवळणाने विचारलं, की तुमच्याकडे तो दुपारचा कसा झोपायचा.

मला ठाऊक होतं. त्याला कुशीवर वळवून कानामागे, केस सुरू होतात तिथे, एका बोटाने खालून वर चोळायचं, सावकाश. मी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.  तेवढं एकच आता माझ्याकडे उरलं होतं, आणि मी सांगितलं नसतं तरी कोणाला कधी कळलं नसतं.

मी सांगितलं. कुठल्या कानामागे तेही सांगितलं. डाव्या.

"बरं," ती म्हणाली, आणि मग "जेवलात का?" असं विचारलं.

नेकुलाय वर्षभराने कामाला लागला, उभ्याने नाही, गिरणीच्या ऑफिसात. आता मी परत जायला हरकत नव्हती. पण सिन्योरा वारली तेव्हा तिच्या मुलीनेच मला दुसरीकडे जागा बघून दिली आणि मी राहिले. इली दीड वर्षाचा होईपर्यंत अंगावर पीत होता. त्याच्या नजरेने अजून कोणाची गाय गाभडली नाही, असं आईच फोनवर सांगते, आणि मग घाईने तीनदा थुंकते.

मागच्या नाताळला मी पंधरा दिवस घरी गेले होते. तो आता साडेतीन वर्षांचा आहे. पहिल्या दिवशी नेकुलायच्या पायामागे लपला. तिसऱ्या दिवशी मला त्याची बैलगाडी ओढायला लावली. ओतिलियाला दुसरं होणार आहे, मार्चमध्ये. आम्ही दोघींनी मिळून गोड पाव केले. ती मळत होती, मी अक्रोड कुटत होते, आणि आम्ही बोलत होतो ते पिठाबद्दल, भट्टीबद्दल, झेनोव्हियाच्या मोतीबिंदूबद्दल. त्या सहा दिवसांबद्दल ती कधी बोललेली नाही. मीही नाही. निघायच्या दिवशी तिने माझ्या पिशवीत एक पाव ठेवला आणि म्हणाली, बाळंतपणाला येता येईल का बघा. ती मनापासून म्हणाली की घरात हात कमी पडतील म्हणून म्हणाली, हे मला गाडी हंगेरीत शिरेपर्यंत ठरवता आलं नाही. सुट्टी मागितली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.